छाटणी वेगळी, गारठा वेगळा

पुनरुत्थानकाळातील पाचवा रविवार (वर्ष ब)
शुभवर्तमान : योहान १५:१-८



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला खरी द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि आपल्याला वेलीचे फाटे. जो फाटा फळ देत नाही तो पिता काढून टाकतो; जो देतो त्याला अधिक फळ यावे म्हणून तो त्याची छाटणी करतो. हे वचन आपण इतक्यांदा ऐकले आहे की त्याचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे आपण धरून चालतो.

त्यामुळे होते काय, की एखाद्या घरात मोठे दुखणे येते, धंदा बुडतो, तरुण मुलगा अपघातात जातो आणि सांत्वनाला आलेला कोणीतरी म्हणतो, "देव तुमची छाटणी करतोय. यातून काहीतरी चांगलंच निघेल." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण माणसे निघून गेल्यावर, त्या रात्री आईच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : माझ्या मुलावर कात्री चालवणारा हात देवाचा होता काय? हा प्रश्न ती धर्मगुरूला विचारत नाही, कोणालाच विचारत नाही. ती फक्त हळूहळू प्रार्थना करायचे सोडते.

म्हणून हा प्रश्न लहान नाही. आज आपण एका द्राक्षहंगामाच्या आधाराने त्याकडे पाहू या. प्रभूने दाखला द्राक्षमळ्यातला दिला, तेव्हा उत्तरही द्राक्षमळ्यातच शोधावे.

१९४५ सालचा हंगाम

फ्रान्सच्या नैऋत्येला, जिरोंद खाडीच्या परिसरात बोर्डो हे शहर आहे. आपल्या बागायतदारांना हे नाव नवीन नाही. सुपारीवर आणि द्राक्षांवर मोरचूद व चुन्याचे जे निळसर पाणी फवारतात, त्याला 'बोर्डो मिश्रण' म्हणतात ते याच शहरावरून. तिथल्या मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे तोडून खाऊ नयेत म्हणून. त्या वेलींना केवडा रोग होत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आले आणि १८८५ साली त्यांनी हे औषध जगापुढे ठेवले.

या बोर्डो प्रांतात १९४५ साली जो द्राक्षारस तयार झाला, तो विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ द्राक्षारसांपैकी एक मानला जातो. २००६ साली लॉस एंजेलिस येथे झालेल्या लिलावात त्या वर्षीच्या मूतों रोथशिल्ड मळ्यातील बारा बाटल्यांना २,९०,००० डॉलर मोजले गेले. मी येथे मद्याचे गुणगान करण्यासाठी हे सांगत नाही. दारूने उद्ध्वस्त केलेली घरे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मला बोलायचे आहे ते बाटलीविषयी नव्हे, त्या वर्षीच्या वेलींविषयी.

जून १९४० मध्ये जर्मन सैन्याने बोर्डो ताब्यात घेतले. पंधरा लाखांहून अधिक फ्रेंच सैनिक युद्धकैदी झाले. त्यांत द्राक्षमळ्यांत राबणारे कितीतरी हात होते. मळे उरले ते बायकांच्या, म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या स्वाधीन. नांगराचे घोडे गेले. खत मिळेना. तांबे युद्धाच्या कामाला लागल्यामुळे मोरचूदही मिळेना. ज्या गावाने जगाला हे औषध दिले त्याच गावाच्या वेली औषधावाचून राहिल्या. नवी लागवड थांबली. जुन्या वेली तशाच जुन्या होत गेल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मुक्त झाले खरे, पण मेदॉकच्या उत्तर टोकाला जर्मन सैन्य ठाण मांडून होते आणि तिथली लढाई १९४५ च्या एप्रिलमध्ये संपली.

त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण १ एप्रिलला होता. वसंत ऋतू उबदार आला होता, वेलींना लवकर कोंब फुटले होते. युद्ध संपत आले होते, कैदी घरी परतू लागले होते. आणि ऐन पुनरुत्थानकाळात, २ मेच्या सुमारास, पारा शून्याखाली गेला. हिम पडले. कोवळे कोंब रात्रीत पोळून काळे पडले. कोंबांबरोबर त्यांच्यावर येऊ घातलेले घडही गेले. त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, ८ मे रोजी युरोपमधले युद्ध संपले आणि देशभर चर्चच्या घंटा वाजल्या. बोर्डोच्या शेतकऱ्याने त्या घंटा ऐकल्या त्या पोळलेल्या वेलींसमोर उभे राहून.

मग उन्हाळा आला तो कडक आणि कोरडा. पाऊस अगदी कमी. वरवरची माती सुकली, पण जुन्या वेलींची मुळे खोल गेलेली होती. वाचलेल्या थोड्या घडांना वेलीचे सारे बळ मिळाले. मणी लहान राहिले, साली जाड झाल्या, रस घट्ट झाला. सप्टेंबरच्या मध्यावर, नेहमीपेक्षा लवकर तोडणी सुरू झाली. पीक फारच थोडे होते. आणि त्यातून जो द्राक्षारस निघाला तो सुरुवातीला इतका तुरट होता की त्याला मऊ व्हायला कित्येक वर्षे, काही बाटल्यांच्या बाबतीत कित्येक दशके जावी लागली.

मोहात पाडणारे प्रवचन

बंधु-भगिनींनो, यावर एक सोपे प्रवचन तयार होते. "पाहा, देवाने गारठा पाठवला, पीक कमी केले, उन्हात तापवले, आणि त्यातून शतकातला उत्तम द्राक्षारस निर्माण केला. तसेच तुमचे दुःख." ऐकायला गोड आहे. पण खरे आहे काय?

तत्त्वज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्राच्या सुरुवातीलाच एक सावधगिरी शिकवतात : एका गोष्टीमागून दुसरी आली म्हणून पहिलीनेच दुसरी घडवली, असे समजू नये. १९४५ मध्ये गारठ्याने काय केले? त्याने घड कमी केले. एवढेच. कमी घडांमुळे उरलेल्यांना बळ मिळाले, हे खरे. पण ते बळ आले कुठून? सूर्याकडून, मातीकडून, खोल गेलेल्या मुळांकडून, आणि पाच वर्षे नवरा कैदेत असताना वेली जगवणाऱ्या त्या बाईच्या हातांकडून. गारठ्याने साखरेचा एक कणही द्राक्षात घातला नाही. गारठा फक्त वजा करू शकतो.

संत ऑगस्टीन यांनी दुष्टतेविषयी हेच शिकवले. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही. चांगल्याची उणीव म्हणजे वाईट. अंधार म्हणजे प्रकाश नसणे, तसे. म्हणून वाईटातून चांगले आपोआप उगवत नाही. जिथे चांगले दिसते तिथे ते दुसऱ्या कुठूनतरी आलेले असते. देव वाईटातूनही चांगले काढू शकतो, अशी आपल्या ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे आणि संत थॉमस अक्वायनस यांनीही ती स्पष्ट मांडली आहे. पण काढणारा देव आहे, वाईट नव्हे. हा फरक विसरला की आपण नकळत गारठ्याचीच भक्ती करू लागतो.

मघाशी सांगितलेल्या मूतों रोथशिल्ड मळ्याचीच गोष्ट घ्या. १९४५ च्या बाटलीवर मोठा 'व्ही' छापलेला आहे, विजयाची खूण म्हणून. फिलिप ज्युलियाँ या तरुण चित्रकाराने ते चित्र काढले. पण मळ्याचे मालक बॅरन फिलिप यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना नाझी पोलिसांनी पकडून नेले होते आणि त्याच वर्षी मार्च महिन्यात राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. मागे अकरा वर्षांची मुलगी राहिली. त्या मुलीसमोर उभे राहून, "त्या छावणीमुळेच हा विजय इतका गोड झाला," असे म्हणण्याची कोणाची छाती होईल? जे तिला सांगता येत नाही ते आपल्या शेजारच्या घरातही सांगता येत नाही.

दुसरा गारठा

ज्यांना अजूनही वाटते की गारठा हा देवाचा शिक्षक आहे, त्यांनी अकरा वर्षे पुढे जावे. १९५६ साली जानेवारी उबदार गेला होता. फेब्रुवारीत त्याच बोर्डो प्रांतात भयंकर थंडी पडली. पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत आणि काही ठिकाणी त्याहूनही खाली गेला, आणि ती थंडी दिवसेंदिवस हटेना. या वेळी कोंब पोळले नाहीत. कोंब फुटलेच नव्हते. खोडेच गोठली. पोमरोल आणि सेंत एमिलियों भागांत मळेच्या मळे मेले.

हा तोच प्रांत आणि तीच थंडी. एका वर्षी शतकातला उत्तम द्राक्षारस, दुसऱ्या वर्षी मेलेली खोडे. १९५६ च्या शेतकऱ्याने देवाचे काय बिघडवले होते? १९४५ च्या शेतकऱ्याने काय पुण्य केले होते? प्रभूनेच सांगून ठेवले आहे की पिता चांगल्यांवर आणि वाइटांवर सूर्य उगवतो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती काय, असे विचारून प्रभूने स्वतःच 'नाही' असे उत्तर दिले. जन्मांध माणसाच्या बाबतीतही शिष्य कोणाचे पाप शोधत होते. प्रभूने तो शोधच बंद केला. गारठ्यातून देवाचा निकाल वाचण्याची परवानगी त्याने आपल्याला दिलेली नाही.

मग छाटणी म्हणजे काय?

ज्यांनी द्राक्षबाग पाहिली आहे त्यांना छाटणी ठाऊक आहे. आपल्याकडे नाशिक भागातले शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात : उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपलेली असते तेव्हा एकदाच करतात. पद्धत वेगळी, पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. छाटणारा माणूस एकेका वेलीपाशी थांबतो. काडी हातात धरतो. डोळे मोजतो. कुठला डोळा ठेवायचा, कुठला काढायचा, हे त्या वेलीकडे पाहून ठरवतो. मोठ्या बागेत वाकून वाकून पाठ मोडते, पण न वाकता छाटणी होत नाही.

गारठा वाकत नाही. तो वेल ओळखत नाही. चांगला डोळा आणि वांझ काडी यांत त्याला फरक कळत नाही. तो सगळ्या बागेवरून एकदम जातो.

प्रभूने पित्याला माळी म्हटले आहे. हवामान म्हटलेले नाही.

आणि पिता कशाने छाटतो, हेही आजच्या शुभवर्तमानातच आहे. आपल्या भाषांतरात ते झाकले जाते. संत योहानाच्या मूळ ग्रीक भाषेत फाटा छाटणे आणि स्वच्छ करणे यांसाठी एकाच धातूचे शब्द आले आहेत. छाटणीविषयी बोलून झाल्यावर लगेच पुढच्या ओळीत प्रभू शिष्यांना सांगतो की, मी तुमच्याशी जे वचन बोललो त्यामुळे तुम्ही आधीच शुद्ध झाला आहात. म्हणजे छाटणीचे हत्यार आहे वचन. कर्करोग नव्हे, अपघात नव्हे, अवकाळी पाऊस नव्हे. पिता आपल्याला छाटतो तो शुभवर्तमान ऐकताना मनाला जो चटका बसतो त्याने. भावाशी दहा वर्षे बांधावरून बोलणे नाही आणि क्षमेचे वचन ऐकताना खाली मान जाते, ती छाटणी. लग्नाचा खर्च शेजाऱ्यापेक्षा मोठा करायचा म्हणून कर्ज काढायला निघालो आणि डोंगरावरचे प्रवचन आठवले, ती छाटणी. रोज संध्याकाळी गुत्त्याकडे वळणारे पाय थांबले, ती छाटणी. ती दुखते. पण ती ओळखीच्या हाताची असते आणि नंतर मन हलके होते.

उरलेल्या मुळांची काळजी

१९५६ नंतर पोमरोलमध्ये अनेकांनी मेलेल्या वेली उपटल्या आणि नवी लागवड केली. त्यात काही चूक नव्हती. पण तिथे एक मळा आहे, त्याचे नाव पेत्रुस, म्हणजे आपले संत पेत्र. त्याच्या बाटलीच्या चिठ्ठीवर चावी घेतलेल्या संत पेत्राचे चित्र आहे. त्या मळ्याच्या मालकीण मादाम लुबा या वयस्कर बाई होत्या. त्यांनी जुन्या वेली उपटायला नकार दिला. त्यांनी गोठलेला भाग काढून टाकायला लावला आणि जमिनीखाली जिवंत राहिलेल्या मुळांवरूनच वेली पुन्हा उभ्या केल्या. वेळ लागला. पण जुनी, खोल गेलेली मुळे वाचली आणि त्या मुळांवर पुन्हा फळ आले.

येथे नीट लक्ष द्या. गारठा येऊन गेल्यावर कापणारा हात आला. तो मारायला आलेला नव्हता. काय जिवंत आहे ते शोधायला आला होता. आपला देवपिता असा आहे. यशया संदेष्ट्याने इशायाच्या कापलेल्या बुंध्यातून नवा अंकुर फुटेल असे सांगितले, आणि तो अंकुर म्हणजे आपला प्रभू. गुड फ्रायडेला जे झाले ते माणसांच्या पापाचे काम होते. कालवरीवरचा तो गारठा होता. रविवारी पहाटे जे झाले ते पित्याचे काम होते. पित्याने क्रूस गोड केला नाही. त्याने आपल्या पुत्राला मरणातून उठवले. आणि उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच राहिल्या. १९४५ च्या द्राक्षारसाचा तुरटपणाही लगेच गेला नव्हता. ज्याचे दुःख ताजे आहे त्याला लवकर मऊ होण्याची घाई कोणी करू नये.

म्हणूनच प्रभू आज शिष्यांना गारठ्याचे स्पष्टीकरण देत नाही. तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरतो : राहा. माझ्यामध्ये राहा. १९४५ साली ज्या वेलींनी उन्हाळा सोसला, त्या मुळांच्या बळावर सोसल्या, आणि ती मुळे गारठ्याच्या रात्री वाढलेली नव्हती. ती त्याआधीच्या अनेक साध्या वर्षांत, कोणी पाहत नसताना खोल गेली होती. आपली रविवारची मिस्सा, घरातली संध्याकाळची रोझरी, मुलाला झोपवताना कपाळावर काढलेली क्रूसाची खूण, ही आपली साधी वर्षे आहेत. त्यांचा उपयोग काय, हे चांगल्या हवामानात कळत नाही.

या आठवड्यासाठी

तेव्हा धर्मग्रामस्थहो, तीन गोष्टी मनाशी धरू या.

पहिली : दुःखाच्या घरी जाल तेव्हा देवाच्या वतीने स्पष्टीकरण देऊ नका. "देवाने नेले", "यातून चांगलेच होईल" ही वाक्ये उंबऱ्याबाहेर ठेवा. शेजारी बसा. चहा करा, भांडी घासा, मुलांना शाळेत सोडा. ज्या बायकांनी कैद्यांच्या वेली जगवल्या त्यांनी युद्धावर भाषणे दिली नाहीत. त्या रोज मळ्यात गेल्या.

दुसरी : सातवा दिवस आणि महिन्याची मिस्सा झाली की आपण जाणे बंद करतो. वेलीला पाणी लागते ते त्यानंतरच्या कोरड्या उन्हाळ्यात. या आठवड्यात अशा एका घरी जा, जिथे मरण होऊन सहा महिने किंवा वर्ष लोटले आहे.

तिसरी : तुम्ही स्वतः गोठलेले असाल, प्रार्थना येत नसेल, तर निदान देवापासून स्वतःला उपटून घेऊ नका. येऊन मागच्या बाकावर नुसते बसा. वर काही दिसत नसले तरी मूळ जिवंत असू शकते, आणि ते शोधणारा माळी जवळच असतो.

थोड्या वेळाने अर्पणविधीच्या वेळी मी वेदीवर द्राक्षारस ठेवीन आणि आपण सर्व मिळून तो वेलीची देणगी व माणसाच्या श्रमाची देणगी म्हणून देवाला अर्पण करू. त्या प्रार्थनेत गारठ्याचे आभार नाहीत. तेथे वेल आहे, हात आहेत आणि देणारा देव आहे. कॅलिसमध्ये पाण्याचा जो एक थेंब पडतो, त्यात या आठवड्यात ज्यांचे कोंब पोळले त्या सर्वांना ठेवू या.

हे पित्या, तू आमचा माळी आहेस. जे गोठले आहे त्याखाली जे जिवंत आहे, ते तूच ओळखतोस. तुझ्या वचनाने आम्हांला छाट, दुःखितांच्या दारी आम्हांला मुकाट्याने बसायला शिकव, आणि तुझ्या पुत्रामध्ये आम्हांला राहू दे. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू